तिळाएवढी चांदी

पंजाबरावांनी खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ दातांनी सोडवली आणि आत जे होतं ते खुर्चीशेजारच्या चिनीमातीच्या ताटलीत ठेवलं. टक् असा आवाज झाला. अकोल्याच्या या दवाखान्यात त्या ताटलीत पाच वर्षांत शेकडो दात पडले होते, पण त्यांचा आवाज ओला असायचा. हा कोरडा होता. देवमन तायडे हात पुसत पुढे आला. करडा, चिरा पडलेला, एका बाजूचा टवका उडालेला दात. वरचा, पुढचा. मुळाचं टोक मात्र आडवं, सपाट कापलेलं. निसर्ग असं टोक ठेवत नाही. देवमननं आपलं काम ओळखलं, आणि ओळखल्याबरोबर त्याची जीभ तोंडात आपोआप फिरून आपला तोच दात चाचपून आली.

"माय गेली," पंजाबराव म्हणाले. "सोमवारी. परवा राख सावडली, त्याच्यात हा भेटला."

"केशरबाई? कशानं?"

"छातीत कफ झाला. चार दिवसांत आटपलं. दाताचं काही नाई डॉक्टरसाहेब, दात पक्का होता. महिन्याभरापयले घाटे सोलून खात होती, वरून मलेच म्हने, तुह्ये दात पाह्य अन् माहे पाह्य." ते हसले आणि हसू अर्धवट राहिलं. अकोटजवळ त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी आणि मेथी घेऊन ते बाजाराला यायचे तेव्हा दारातून हाक मारून जायचे. आज त्यांच्या डोक्याचा गोटा केलेला होता आणि त्यामुळे कान फार मोठे दिसत होते. "याच्यात तुमी चांदी भरली होती. थे काढून दाखवा. बाईले दाखवाची हाय."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण सत्यभामा, मोर्शीला दिलेली. पंजाबरावांनी जे सांगितलं ते थोडंसंच होतं. सोमवारी सकाळी आईचा श्वास वरवर लागला तेव्हा सत्यभामेनं गळ्यातला सोन्याचा मणी ओवणीतून सोडवला, तिच्या तोंडात घालायला. पंजाबरावांनी तिचा हात धरला. तिच्या तोंडात चांदी आहे, डॉक्टरनं भरलेली, ती स्वतः सांगून भरून आली, तिला कोणाचं घ्यायचं नव्हतं. असं ते म्हणाले. बोलाचालीत दोन मिनिटं गेली, आणि तेवढ्यात ती गेली. राख सावडताना सत्यभामेनं चाळण मागवली. सगळी राख चाळली. चांदी नाही निघाली. तेव्हापासून ती भावाशी बोलत नव्हती.

"म्हने, माय रित्या तोंडानं धाडली तू. सगया पाव्हन्यात म्हनली." पंजाबरावांनी ताटलीतल्या दाताकडे बोट केलं. "म्या म्हनलं, चांदी दातात असन, राखीत कशी भेटन? डॉक्टरले इचारू. हाय नं?"

तिथं एक वाक्य पुरलं असतं. देवमननं पुढे त्या क्षणाकडे कितीदा तरी वळून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्याला ते वाक्य तयार, सरळ, दोन-चार शब्दांचं असं तोंडातच सापडलं.

"ठेवून जा," तो म्हणाला. "उद्या सकाळी बघू."

"बाईलेही आनतो. तिच्या डोयानं पाह्यलं म्हनजे झालं. मंग तसंच पुलावर उतरून पूर्णेत सोडून देऊ." जाताना ते दारात थांबले, रुमाल झटकला, घडी केली, आणि त्या घडीला काय करावं हे न सुचल्यासारखे काही वेळ उभे राहिले.

दुपारी एकला दवाखाना बंद व्हायचा. कंपाउंडर रामराव पडदे ओढताना खिडकीतल्या बाटल्यांकडे बघून रोजचा विनोद करून गेला, "डॉक्टरसाहेब, लोनचं मुरलं का? पोयीसंग घेऊन जातो दोन फोडी." त्या बाटल्यांत निळी शाई होती आणि शाईत दोऱ्याला टांगलेले दात. चार वर्षांपासून देवमन ते करत होता. काढून टाकलेला दात घ्यायचा, मुळाचं टोक कापायचं, तिथं तिळाएवढा खड्डा करून तो बुजवायचा. काहींत चांदी, म्हणजे चांदीचा कीस पाऱ्यात घोटून, काहींत गटापर्चा, म्हणजे झाडाचा रबरासारखा चीक, काहींत लवंगाच्या तेलात कालवलेलं पांढरं सिमेंट. बाकी दाताला मेण लावायचं, आठ दिवस शाईत ठेवायचा, मग उभा चिरायचा आणि भिंगाखाली फूटपट्टी धरून निळं किती आत गेलं ते मोजायचं. खणातल्या लांबट वहीत तक्ता होता. शेवटच्या रकान्यात दोनच शब्द यायचे: धरतं, गळतं. यात मत नव्हतं, दया नव्हती. निळं दिसलं की गळतं. आणि पहिल्या वर्षअखेरीस, ज्या चांदीवर त्याच्या प्राध्यापकांचा आणि सगळ्या वऱ्हाडाचा विश्वास होता, त्या चांदीच्या कडेनं निळं आत गेलेलं दिसलं होतं. अकरा दातांपैकी सातांत. सिमेंट नुसतं वासाचं, पिठासारखं, कोणाला दाखवून अभिमान वाटू नये असं. पण ते धरत होतं. त्यानंतर त्यानं माणसांच्या तोंडातही तेच भरायला घेतलं होतं. एकोणीस माणसांचा दुसरा तक्ता होता, तो रविवारी अमरावतीला दंतवैद्यांच्या सभेत वाचायचा होता. त्यात चौदावी केशरबाई. तिच्या दाताचे तीन एक्स-रे फोटो पाकिटात होते: पहिल्यात मुळाशी वाटाण्याएवढी काळी पोकळी, दुसऱ्यात ती डाळीएवढी, तिसऱ्यात, दोन वर्षांनंतर, काहीच नाही, नुसतं हाड. सगळ्या तक्त्यात एवढा स्वच्छ निकाल दुसरा नव्हता.

तिला त्यानं चांदी भरली, असं मात्र सांगितलं होतं.

ती पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीत न बसता आधी खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "कोनाचे तुमी?" हा प्रश्न त्याला नवा नव्हता. मुंबईत तो वळणावळणानं यायचा, इकडे सरळ. "नांदगाव खंडेश्वरचा. तायडे," तो म्हणाला आणि वाट पाहिली. तायडे, असं ती स्वतःशी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हिशेब झालेला दिसला. आठवडाभर तिचं गालफड सुजलेलं होतं, हिरडीतून पू येत होता. मग ती खुर्चीत बसली, पदर आवळला. "दुखते त्याले जात कायची? घाला हात," म्हणाली, आणि एवढं मोठं तोंड उघडलं की रामराव मागं तोंड फिरवून हसला. देवमनला ती तिथंच आवडली होती. हिरडी उघडून, हाडाला झरोका पाडून मुळाचं टोक कापावं लागेल, तिथून दात बुजवावा लागेल, हे त्यानं समजावलं. तिनं एकच विचारलं. "चांदी भरसान नं?"

"चांदी कशाला? हाडाच्या आत असणार. दिसणार नाही कोणाला."

"दिसाले कोनाले पायजे? मरतानी तोंडात काही असाले पायजे. सोनं हाय, थे पोरीचं. तिच्या गयातलं काढाव, माह्या तोंडात घालाव, मंग धुवाव, मंग तिनं थेच गयात बांधाव. मले नाई आवडत असं. आपलं आपल्या तोंडात असलं, कोनाचं मिंधं नाई."

तिला शाईच्या बाटल्या दाखवता आल्या असत्या. ती मळ्यातली बाई. पाणी कुठून कुठं झिरपतं हे तिला कोणीही शिकवायला नको होतं, ती भिंगातून बघून क्षणात समजली असती. पण बाहेर बाकावर पाचजण होते, आणि एक होता तो जोरजोरानं कण्हत होता. शिवाय आणखी काहीतरी होतं, ज्याला देवमननं तेव्हा नाव दिलं नाही. असल्या समजुतींची त्याला चीड होती. ती चीड त्यानं मेहनतीनं कमावलेली होती. दुसऱ्या आठवड्यात हिरडी उघडून तो भरायला वाकला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. निम्मा चेहरा बधिर होता. तिनं मनगटावरच्या चांदीच्या गोटावर बोट टेकवलं आणि भुवया उंचावल्या. सळईच्या टोकावर लवंगाच्या वासाचं सिमेंट होतं. त्यानं मान हलवली, हो. तिनं डोळे मिटले.

आता देवमननं खुर्ची खिडकीकडे वळवली आणि दात भिंगाखाली धरला. सुईचं टोक नुसतं लागलं तर कापलेल्या टोकातून पांढरी भुकटी कागदावर सांडली. तेल जळून गेलं होतं, पूड राहिली होती. एका फुंकरीत तीही गेली. खड्डा रिकामा झाला. गोल, त्यानं केला होता तसाच, कडा शाबूत. वास येतो का म्हणून त्यानं तो नाकाशी नेला. लवंगाचा आला नाही. चुलीचा आला, आणि चुलीबरोबर नांदगाव आलं.

नांदगावच्या त्यांच्या वस्तीत सोनं एकच होतं. मनकर्णा आत्याच्या डोरल्यातला मणी, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. कोणाचं शेवटचं आलं की पोरं पळत जायची, आत्या मणी घेऊन यायची, ओठांत घालायची, उशाशी बसायची. श्वास थांबला की बोट घालून काढून घ्यायची, राखेनं घासायची, आणि पुन्हा गळ्यात. देवमनच्या आजीच्या, दोन काकांच्या, आणि एका अशक्त तान्ह्या मुलीच्या तोंडातून तो मणी जाऊन आला होता. लहानपणी त्याला आत्याच्या गळ्याकडे बघायची भीती वाटायची. छप्पन सालच्या दीक्षेनंतर वस्तीतले देव विहिरीत गेले, खुंट्या रिकाम्या झाल्या, भिंतीवर एकच तसबीर आली. पुढच्या उन्हाळ्यात देवमनचा बाप गेला. देवमन मुंबईहून नवी पदवी घेऊन आलेला. सारवलेल्या जमिनीवर बाप, आणि दारात आत्या, मूठ मिटलेली. कोणी बोलावलेलं नव्हतं, ती आपणहून आली होती. सगळ्यांनी देवमनकडे पाहिलं. "आत्या, आता ते नको," तो म्हणाला. वाक्य अचूक होतं. आत्यानं उंबरा ओलांडला नाही. "बरं बावा. तू शिकेल हायस," म्हणाली आणि तिथंच बाहेर बसली. बापाचे ओठ हलत होते. पाणी घातलं तर पाणी कडेनं ओघळलं, आणि ओठ पुन्हा हलले, काही पकडायला बघावेत तसे. ते पाण्यासाठी असेल. मरताना स्नायू हलतात, हे त्यानं शिकलेलं होतं. दारात आत्याची मूठ संध्याकाळपर्यंत तशीच मिटलेली होती.

आपण केशरबाईला खोटं का सांगितलं, हे तो आता स्वतःला विचारत होता आणि उत्तरं नीट रांगेनं येत होती. तिचा दात टिकावा म्हणून; टिकला. वेळ नव्हता म्हणून, नव्हता. खुळी समजूत म्हणून, आहेच. तिन्ही उत्तरं खरी होती. आणि तरीही कुठूनतरी, त्यांच्या कडेनं, आत काहीतरी येत होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं हलवलेली मान अकोटच्या एका घरात सोमवारपर्यंत जाऊन पोचली होती आणि तिनं एका बाईचा हात धरून ठेवला होता. खोटं बोललो, असं उद्या सांगितलं तर पंजाबरावांचं काय? आपल्या आईला रित्या तोंडानं आपणच धाडली, हे त्यांच्या त्या मोठ्या दिसणाऱ्या कानांत आपण घालायचं. सत्य आपलं, आणि राहायचं ते त्यांच्या घरात.

कपाटातून त्यानं खल काढला. चांदीचा कीस, पाऱ्याचा थेंब. घोटताना हात नेहमीसारखाच चालला. कचकच आवाज मऊ होत गेला, गोळा झाला, चामड्यात पिळून जादा पारा काढला. जळलेला दात फुटू नये म्हणून ओल्या कापसात धरला. थोडं थोडं, दाबून, पुन्हा थोडं. कोणी हलत नव्हतं, रक्त नव्हतं, लाळ नव्हती. एकोणीस माणसांत त्याला एवढी सुरेख जागा कधी मिळाली नव्हती. पाच मिनिटांत काम झालं. खिडकीतल्या उन्हात तिळाएवढा ठिपका चमकला, आणि देवमनला समाधान वाटलं. ते वाटल्याचं लक्षात आलं तेव्हा त्यानं दात कागदात गुंडाळून खणात टाकला.

शनिवारी सकाळी दोघं आली. सत्यभामा पन्नाशीची, आईसारखीच रुंद हाडाची. ती भावापासून हातभर अंतर ठेवून बसली. गळ्यात काळ्या पोतीत मणी होता. देवमननं दात कागदावर ठेवला आणि भिंग पुढे केलं. पंजाबरावांनी आधी नुसत्याच डोळ्यांनी, मग भिंगातून, मग पुन्हा नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

"पाह्य बाई! पाह्य! म्या सांगत होतो का नाई? मायनं सांगतलं होतं मले!" त्यांचा आवाज फाटला. ते रडत होते आणि रामरावला सांगत होते, बाकावरच्या अनोळखी माणसाला सांगत होते. "चांदी हाय! तोंडातच होती!"

सत्यभामेनं भिंग घेतलं. ती फार वेळ बघत होती. वांगं घेताना कीड बघावी तसा तिनं दात फिरवून फिरवून पाहिला.

"हाय," ती म्हणाली. "हाय रे पंजाब. चुकलं माह्यं." आणि मग, "जाय, अकोटची गाडी लागली का पाहून ये. म्या येतो मागून."

ते धावतच गेले. पायरीवर त्यांची चप्पल निसटली, तशीच पायात अडकवत गेले. सत्यभामेनं भिंग खाली ठेवलं. बाकावरचा माणूस ऐकू नये एवढ्या हळू ती बोलली.

"मोर्शीले आमची बागेतली झोपडी जयली होती. माहे जोडवे राखीत भेटले. काये कुट्ट. चिंच लावून लावून घासले तरी चार रोज उजय नाई आला." तिनं दाताकडे पाहिलं. "हे तं कालची हाय, डॉक्टरसाहेब."

रामराव आत येत होता. देवमननं हातानंच त्याला परत पाठवलं.

"चांदी नव्हती," तो म्हणाला. "सिमेंट होतं. लवंगाचं. ते चांदीपेक्षा चांगलं धरतं. तिला मी चांदी म्हणून सांगितलं."

"तिले मालूम नव्हतं?"

"नाही."

"मंग तिच्यासाठी होती." सत्यभामा हिशेब करत असल्यासारखं बोलत होती, रागावल्यासारखं नाही. "पंजाबसाठी आजपासून हाय. त्याले म्या सांगत नाई, झोप नाई त्याले चार रोजापासून." तिनं गळ्यातला मणी मुठीत धरला. "हे माह्या हातात होतं. दोन बोटं राह्यलं होतं तिचं तोंड. माह्यासाठी कोठून आनू?"

तिनं दात पदराच्या टोकात बांधला, गाठ ओढून पाहिली, आणि दारात पोचल्यावर वळून म्हणाली, "तुमचं काम चांगलं हाय. दात पक्का होता तिचा. येतो."

रविवारी सकाळच्या गाडीनं तो अमरावतीला निघाला. मूर्तिजापूरपर्यंत मागच्या बाकावर दोन माणसं सोन्याच्या नव्या कायद्याबद्दल भांडत होती. चौदा कॅरटचं सोनं हे सोनंच नाही, असं एक म्हणत होता, आणि दुसरा, पोरीले काय सांगाचं मंग, असं पुन्हा पुन्हा विचारत होता. देवमनच्या मांडीवर तक्त्याची स्वच्छ प्रत होती. चौदावी ओळ काढून टाकावी, असं त्याला वाटलं. काढली तर अठरा राहतात, अठराही पुरतात. पण तो दात धरत होता. पुरती दोन वर्षं धरून होता. ते खोटं नव्हतं. त्यानं पेन उघडलं आणि बंद केलं.

सभेला तीस-एक माणसं होती. शाळेचं सभागृह, भिंतीवर नकाशे. देवमन उभा राहिला आणि वाचू लागला. मुंबईत कमावलेली भाषा सुरळीत चालली. वसतिगृहात पहिल्या वर्षी तो डोळ्याला डोया म्हणाला की मुलं हसायची, म्हणून आरशासमोर उभं राहून, जिभेचं टोक मागं वळवून टाळूला कुठं लावायचं हे त्यानं एखाद्या शस्त्रक्रियेसारखं शिकून घेतलं होतं. शाईचे प्रयोग, निळ्याची मापं, चांदी, गटापर्चा, सिमेंट. माणसं लिहून घेत होती. मग दुसरा तक्ता. अकरा, धरतं. बारा, गळतं. तेरा, धरतं.

"क्रमांक चौदा," तो म्हणाला. "स्त्री, वय पासष्ट. वरचा पुढचा दात. साहित्य, लवंगाच्या तेलातलं सिमेंट. मुदत दोन वर्षं." फोटोचं पाकीट अध्यक्षांकडे होतं, त्यांनी तिसरा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि मान डोलावली. हाड भरून आलं होतं, कोणालाही दिसलं असतं. देवमनच्या पुढ्यात कागदावर शब्द स्वच्छ लिहिलेला होता. तो वाचायचा होता फक्त. त्याला दिसत होतं पदराचं टोक, गाठ, आणि पूर्णेच्या पुलावरून खाली जाणारं काहीतरी अगदी लहान, चमकणारं.

"निकाल, डॉक्टर?" अध्यक्षांनी विचारलं.

देवमनची जीभ वळली नाही. ती खालीच राहिली, जिथं ती जन्मतः होती.

"गयते," तो म्हणाला.